नवरीची खोली

शनि. ८ मार्च

अकराची टूर. गुलामांच्या काळातली मळेवाल्याची हवेली बघायला आलेली माणसं बरी होती, एक सोडून. अर्ध्या वाटेत म्हणतो, "मॅम, आम्ही सुट्टीवर आलोय. घर दाखवा, झाडं दाखवा. सारखं स्लेव्हरी, स्लेव्हरी कशाला?" म्हटलं, विटा गुलामांनी भाजल्या, घर त्यांनी बांधलं, मग दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ? त्याची बायको हसली. त्याने जाऊन डेबीकडे तक्रार केली.

डेबी म्हणजे इथली मॅनेजर. मला बाजूला घेऊन गोड आवाजात, "सुनंदा, जरा लाइट ठेव ना." वीस वर्षं दर शनिवारी फुकट घसा कोरडा करते, वर लाइट ठेव!

मागची लाकडी खोली अजून दुरुस्तीसाठी बंद. गुलाम राहायचे ती. माझ्या टूरमधला तोच खरा थांबा. कधी उघडणार म्हटलं तर "सून, सून," म्हणजे लवकरच.

घरी आले तर श्री अगदी हवेत. आमच्या लेकीच्या, सईच्या लग्नाला जागा मिळाली म्हणे. कुठे? तर तिथेच. त्याच हवेलीसमोरच्या हिरवळीवर.

रवि. ९ मार्च

कालपासून धड बोललो नाही. बोललो ते भांडलोच.

श्रीचं म्हणणं: हॉटेलवाले होम करू देत नाहीत, फायर अलार्म वाजतो. एका ठिकाणी तर बॅटरीच्या दिव्यांभोवती सप्तपदी करा म्हणाले. इथे उघड्यावर अग्नी चालतो, बाहेरचा केटरर चालतो, वरातीला घोडा चालतो. "आणि दिसायला राजवाडा, सुनंदा!"

याचा पाहुणे फिरवायचा ठरलेला फेरा आहे. आधी राले शहरातलं म्युझियम, मग गुलाबाची बाग, फार्मर्स मार्केटात रताळी बघून "केवढी मोठी!" म्हणायचं, आणि शेवटी "आमची हवेली". इतकी वर्षं नेतोय लोकांना. विचारलं, मी तिथे काय सांगते ते कधी ऐकलंस का रे? म्हणाला, "मी पार्किंगला असतो."

सईला बॉथेलला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, फोन केला. वाटलं, ही तरी. इथे जन्मली, इथे शिकली, मोर्च्यांना जायची पोरगी. तर ती, "आय नो, आई. पण प्लीज, डोंट मेक इट अ थिंग, इश्यू करू नकोस. आठ महिने जागा शोधतोय आम्ही. रोहनच्या आईला फोटो आवडलेत."

होणाऱ्या सासूला फोटो गेलेसुद्धा. मला शेवटी कळतंय.

बुध. १२ मार्च

श्रीने डिपॉझिट भरलं. मला न विचारता. भाजी करपली. करपू दे.

शुक्र. २१ मार्च

रोहनची आई, मीनाताई, फ्रीमाँटहून आल्या, जागा बघायला. बाई वाईट नाही. माझ्यासाठी घरचं मेतकूट आणलंय. पण बोलायला लागल्या की थांबत नाहीत. श्रीने विमानतळावरूनच फेरा सुरू केला. म्युझियममध्ये डायनासोरसमोर फोटो, बागेत गुलाबाला अजून फूल नाही तरी फोटो. रताळी. "केवढी मोठी!" म्हणाल्याच.

मी हसत होते. गाल दुखले.

शनि. २२ मार्च

आल्या आल्या वही घेतली. लिहिते.

टूर संपवून मी, श्री आणि मीनाताई डेबीबरोबर जागा बघायला गेलो. मांडव इथे, जेवण तिथे, घोडा त्या फाटकातून. मग डेबी म्हणाली, "आणि आता सरप्राइज. ब्रायडल सूट!" म्हणजे नवरीने नटायची खोली. आणि मागच्या खोलीचं दार उघडलं.

तीच खोली. भिंतींना पांढरा रंग. बल्ब लावलेला गोल आरसा, गुलाबी खुर्ची, एसी. चुलीत सुगंधी मेणबत्त्या. त्या एका चुलीवर दोन कुटुंबं शिजवून खायची, मधे नुसता पडदा. हे मी दर शनिवारी त्या दारात उभी राहून सांगत आले. दुरुस्ती म्हणे! मला इतके आठवडे खोटं सांगितलं हिने.

श्री म्हणाला, "एसी पण आहे."

मी ओरडले. मराठीत की इंग्रजीत, आठवत नाही. इथे माझी मुलगी पावडर लावणार नाही, एवढं नक्की म्हणाले. डेबी लाल झाली. म्हणाली, लग्नं नसती तर छप्पर कोसळलं असतं, मग कसली टूर देणार होतीस? खरंही असेल. म्हणून काय वाटेल ते करायचं?

मीनाताई गाडीत बसल्या, पट्टा लावला. मग, "सुनंदाताई, एक विचारू? आपलं काय त्यात? हे त्यांचं त्यांच्यातलं. आपण तर नंतर आलो."

आपण आलो कसे? त्या गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी मार खाल्ला, मोर्चे काढले, म्हणून इथे यायचे कायदे बदलले आणि आपल्याला दार उघडलं. श्रीच्या नोकरीपासून सईच्या शाळेपर्यंत सगळं त्याच दारातून आलं. म्हटलं मी हे. त्या म्हणाल्या, "लग्नात कोण विचारतंय एवढं." श्रीने रेडिओ लावला.

रवि. २३ मार्च

मीनाताई सकाळी गेल्या. मेतकूट राहिलं ओट्यावर.

सईचा फोन. बाबाने सगळं सांगितलं, अर्थात त्याच्या बाजूने. ती शांत होती, म्हणजे चिडली होती. "तू मीनाकाकूंसमोर ओरडलीस?" हो, ओरडले. "आई, आपण आजोबांच्या गावी गेलो होतो. देवळात नेलंस, वाडी दाखवलीस. गावाबाहेर कोण राहायचं, देवळात कुणाला येऊ देत नव्हते, तेव्हा का नाही सांगितलंस? तिथे टूर नाही द्यायची?"

फोन ठेवला मी. संताप संताप झाला. ही पोरगी नेमकं लागेल तिथे मारते. आणि राग यायचा तो तिचा यावा, तर माझाच यायला लागला. मग श्रीवर काढला. तो बिचारा नुसती पेपरची घडी घालत होता.

पण तिचं बरोबर असलं म्हणून खोली पांढरी होत नाही. दोन्ही सांगायला हवं. दोन्ही!

गुरु. २७ मार्च

डेबीची ईमेल. शनिवारी एक लग्न आहे, तेव्हा टूर मोठ्या घरापुरती ठेवावी, मागे नेऊ नये. खाली हसरा चेहरा.

शनि. २९ मार्च

अकराची टूर. मोजून घेताना सगळ्यात मागे सई. तिकीट काढून उभी! बॉथेलहून कधी निघाली, बापालाही पत्ता नाही. तिलाही मोजलं. टूर सुरू केली.

मोठं घर केलं, जिना केला, विटा केल्या. मग सगळ्यांना मागे घेऊन गेले. मनात म्हटलं, काढायचं तर काढा मला.

दार बंद, आत केसांचा ड्रायर चालू. मी पायरीखाली उभी राहून सगळं सांगितलं. चूल, पडदा, बाळंतपणं, विकून नेलेली पोरं. काही गाळलं नाही. मधेच दार उघडलं. नवरी. केसांना क्लिपा, अंगात रेशमी झगा. वीस-बावीस वर्षांची असेल. आम्हाला बघून म्हणाली, "ओह! तुम्ही मला बघायला आलात?" आणि हात हलवला.

सईने तिला काँग्रॅच्युलेशन्स म्हटलं, अगदी नीट. मग आमच्यातून बाहेर पडून सरळ पार्किंगकडे गेली.

टूर संपवून गेले तर गाडीला टेकून रडत होती. जवळ घ्यायला गेले तर हात झटकला. "सगळ्या जगाला दाखवतेस हे. मला का नाही?" म्हटलं, तू कधी आली नाहीस. "तू कधी बोलावलंस? पाहुणे आले की मला बाबांबरोबर पार्किंगला ठेवायचीस!"

खरं आहे. लहान होती, ऐकायला नको म्हणून ठेवायचे.

मग नाक पुसून म्हणाली, "त्या मुलीला कुणीच सांगितलं नाही, आई. शी वॉज सो हॅपी." पुढे, "बाबांशी मी बोलेन. तू मधे पडू नकोस. आणि मी अजून नाही म्हटलेलं नाहीये."

अजून नाही म्हटलेलं नाहीये! म्हणजे काय? तेही विचारू दिलं नाही.

रवि. ३० मार्च

डेबीची ईमेल. आजवरच्या सेवेबद्दल आभार, पुढच्या शनिवारपासून येण्याची गरज नाही. या वेळी हसरा चेहरा नाही.

श्रीला वाचून दाखवली. म्हणाला, "वाईट झालं." मग पेपर बाजूला ठेवून, "सई माझ्याशी बोलली सकाळी. मला म्हणाली, बाबा, तुम्ही एकदा पार्किंगमधून आत या." आणि उठला. चहा त्याने केला. साखर विसरला.

सई वरच्या खोलीत रोहनशी फोनवर. भरभर इंग्रजी. तो म्हणत असणार आईला काय सांगू, पत्रिका छापायला गेल्यात. मग हिचा आवाज चढला आणि चक्क मराठीत, "आधी तू इथे ये. तिकीट काढ, त्या दारासमोर उभा राहा. मग ठरवू कुठे आणि होणार का ते."

होणार का? जागेबद्दल म्हणाली की लग्नाबद्दल? जिन्यात उभी होते, वर जाऊन विचारायचं धाडस झालं नाही.

आणि रोहन आलाच, तर त्याला हे सांगणार कोण? मला तर काढलंय. डेबीची नवी टूर देणारी पोरगी त्याला झाडं दाखवून परत पाठवेल.

नाही. मी पण तिकीट काढीन. श्रीचंही काढीन. तिकीट काढून आलेल्या बाईला बोलू नको म्हणून तर बघा.