आठवी टिकली

बुध. ५ मार्च
आज सत्तावीस माणसं. खोल्या दोन, संडास एक. चर्चच्या मागच्या या खोल्या दर बुधवारी दुपारी आमच्या. विमा नाही, कागद नाही, अशी ड्रेस्डेनभरची माणसं येतात. डॉ.बाई तपासते, बाकी सगळं मी. दार उघडणं, रांग, चहा, भांडणं सोडवणं, शेवटी फरशी. डॉ.बाई अठ्ठ्याहत्तरची. ऐकू कमी येतं, पण हात पक्का.

आज तिला सांगून टाकलं. ३ एप्रिलला मी गावी जाते. पोरीचं पहिलं बाळंतपण. तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, "आणि बुधवार?"
पोरगी कशी आहे, कितवा महिना, काही नाही. आणि बुधवार!
म्हटलं, दुसरी कुणी बघा.
"बघते. पण कार्डं कोण वाचणार?"
मी फरशी पुसायला घेतली.

गुरु. ६ मार्च
कार्डांचं मीच करून ठेवलंय, दुसऱ्याला काय बोलू. इथं नाव विचारायचं नाही, हा पहिला नियम. नाव कागदावर आलं की तो कागद कुठल्या ऑफिसात जाईल या भीतीनं माणूस परत येत नाही. पण कुणाला कुठली गोळी दिली हे तर कळायला पाहिजे. म्हणून सहा वर्षांमागं मी कार्डाच्या वरच्या अर्ध्यात मराठीत लिहायला लागले. दिसेल ते. भेंडी. गालफुग्या. मांजरडोळी. तोंडाळ म्हातारी, जांभळी पिशवी. ढेरपोट्या, लहान पाय. खालच्या अर्ध्यात डॉ.बाई तिच्या भाषेत औषध लिहिते. पोलीस येऊ दे नाहीतर साहेब, वरचं एक अक्षर कळायचं नाही.
लई हुशारी वाटायची. सातवीतनं शाळा सुटलेली बाई, आणि सगळा दवाखाना माझ्या अक्षरावर.
आता कुणालाच वाचता येत नाही, तर...

रवि. ९ मार्च
रेश्माचा फोन. मिरजेला सासरी आहे, आठवा लागला. "आई, नक्की येणार ना? ह्या रोज विचारतात."
ह्या म्हणजे सासू. मागनं बोललीच, मला ऐकू जावं अशी: "माहेराला कुलूप म्हटल्यावर इथंच व्हायचं की सगळं. आम्ही आहोतच."
हे 'आम्ही आहोतच' पोरीला जन्मभर ऐकावं लागणार. प्रत्येक सणाला. पहिलं बाळंतपण आणि आईचं दार बंद.
विट्याचं घर तीन वर्षं बंद आहे. किल्ली माझ्याच जुडग्यात, चर्चच्या किल्लीला लागून. जाऊन झाडायचं, धुवायचं, डिंकाचे लाडू, बाजेला नवी दोरी. रेश्माला म्हटलं, ५ तारखेला बॅग भरून विट्याला ये. दार उघडं असेल.
ह्यांना सांगितलं. हे दिवसभर हॉटेलात फोडण्या देऊन येतात, घरी बोलायला जीव नसतो. म्हणाले, "मग जा की. धरून कुणी ठेवलंय?"
कुणीच नाही. तेच तर.

बुध. १२ मार्च
चर्चच्या पाद्र्याला विचारलं, दोन-अडीच महिने बंद ठेवू का. गोड बोलतो माणूस. म्हणे, गाणारी मंडळी कधीपासनं या खोल्या मागतायत. दोन बुधवार ओळीनं रिकामे गेले तर त्यांना नाही म्हणता येणार नाही.
आल्झो, म्हणजे डॉ.बाईच्या भाषेत 'तर मग'. बंद ठेवायचं नाही.
डॉ.बाई म्हणाली, "तुमच्यातलं कुणी असेल ना वाचणारं."
तुमच्यातलं! आहेत ना. मराठी मंडळ आहे. त्यांच्या गणपतीला दोन वर्षं मी मोदक वळले, आणि आरती स्वयंपाकघराच्या दारातनं बघितली. पण गरज मला आहे. फोन केला.

शनि. १५ मार्च
मंडळाची केतकी आली. पुण्याची. नवरा इथं चिपच्या कारखान्यात इंजिनीअर. जर्मन फाडफाड.
"मावशी, किती ग्रेट काम करता हो तुम्ही!"
मावशी कुणाची गं? मी अठ्ठेचाळीस, ही त्रेचाळीस. केस रंगवले म्हणून भाची होता येत नाही.
कार्डं दाखवली. आधी हसली, मग तोंड आवळलं.
"गालफुग्या? ढेरपोट्या? असं लिहितात का हो पेशंटला?"
"मग काय लिहू, श्रीयुत?"
"तसं नाही, पण माणसाची डिग्निटी असते ना मावशी."
"असते की. बाहेर वीस जण बसले की डिग्निटीवरनं एक ओळखून दाखव."
पण बाई कामाला वाईट नाही. न सांगता फरशी पुसायला घेतली. पाणी फार घेते.

बुध. १९ मार्च
के.चा पहिला बुधवार. रांग बरी धरली. तिच्या चोख जर्मनला लोक बिचकतात, वाटतं ऑफिसातनं कुणी आलं. दोघं दारातनंच परत गेले. मग मी आतनं ओरडले, माझं मोडकं जर्मन ऐकून एक परत आला.
जाताना के. म्हणाली, "कार्डं फार मळलीत. घरी नेऊन नीट करून आणते." ने म्हटलं. तेवढीच शिकेल. पंधरा दिवस उरले.
आज पहिल्यांदा वाटलं, जाईन मी.

रवि. २३ मार्च
के.नं कार्डं आणली. नवा डबा, नवी कार्डं, अक्षर मोत्यासारखं.
वाचायला लागले. 'उंच गृहस्थ.' 'मध्यमवयीन महिला, मधुमेह.' पुढं परत 'मध्यमवयीन महिला, मधुमेह.' असल्या अकरा निघाल्या. 'ज्येष्ठ महिला, बोलका स्वभाव.' ही माझी तोंडाळ म्हातारी असणार.
"जुनी कुठायत?"
"नष्ट केली, मावशी. श्रेडरमधून. आजारांची माहिती आहे, इथले नियम फार कडक आहेत."
"आणि टिकल्या?"
"हो, चिकटल्या होत्या काहींवर. मला वाटलं तुमच्या कपाळावरच्या पडल्या असतील. काढून टाकल्या."

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. के. रडली. रडू दे.

टिकली म्हणजे पेनिसिलिन द्यायचं नाही. पहिल्या वर्षीची गोष्ट. भेंडी आला होता, इमारतींच्या परांचीवर काम करतो तो. डॉ.बाईनं गोळी दिली आणि इथंच खुर्चीत त्याचे ओठ सुजले, घसा घरघरायला लागला. तिनं मांडीत सुई मारली म्हणून वाचला. तसल्यातही ॲम्ब्युलन्स नको म्हणून हात हलवत होता. परत असं व्हायला नको म्हणून मी कपाळावरची टिकली काढून त्याच्या कार्डावर दाबली. त्यानंतर असे आणखी सात निघाले. एकूण आठ. डॉ.बाईला तीच सवय झाली. लाल दिसलं की दुसरं औषध, नाही दिसलं की नेहमीचं. खाली तिनं वेगळं काही लिहिलंच नाही.
तिला टिकलीचं सांगितलं, केतकीला सांगायचं मी विसरले. बाईमाणूस, टिकली बघून कळेल वाटलं. हा माझा गाढवपणा.

सोम. २४ मार्च
आठही तोंडं डोळ्यांपुढं आहेत. पण 'उंच गृहस्थ' चार आहेत, त्यातला भेंडी कुठला? माणूस समोर आल्याशिवाय कार्ड लागत नाही. दोन बुधवार आहेत हातात.
डॉ.बाई म्हणते, मी प्रत्येकाला विचारीन. विचारील ती. पण भेंडीला जर्मन येत नाही, सगळ्यालाच 'या' म्हणतो, म्हणजे हो. पोट दुखतं? या. पोट दुखत नाही? या. म्हटलं मग ते औषधच बंद ठेवा. तर म्हणे, आपल्याला दानात तेच जास्त मिळतं, ते नसलं तर निम्मी माणसं तशीच पाठवावी लागतील.
म्हणजे सगळं परत माझ्या डोक्यात आलं. आणि डोकं माझ्या धडावर, इथं.

बुध. २६ मार्च
चहा गाळत होते. आत डॉ.बाईचं ऐकलं, दाढ सुजलीय, पेनिसिलिन देते. वाकून बघितलं तर खुर्चीत गालफुग्या. 'नाइन, नाइन', नको नको करत आत पळाले. किटली तशीच, चहा सगळा जमिनीवर. डॉ.बाईच्या हातात पाकीट होतं. तिनं ते ठेवलं, मग खुर्ची ओढून बसली.
के. पांढरीफटक.
गालफुग्या हसला. त्याला काय माहीत.
दिवसभरात आठातले पाच आले. कार्ड शोधलं, टिकली लावली, टिकली पडलीच तर म्हणून वर हिरव्या शाईचा ठिपकाही केला. के.नं प्रत्येकाचं नाव माझ्या तोंडून घेऊन स्वतः लिहिलं. 'गालफुग्या' लिहिताना मान खाली घातली, पण लिहिलं.

सोम. ३१ मार्च
काल पाडवा. के.नं जेवायला बोलावलं, गेले नाही. आज सकाळी आम्हा दोघांसाठी श्रीखंड घेऊन आली. दारातच म्हणाली, "माझ्यामुळे झालं." म्हटलं, निम्मं माझ्यामुळे. आत ये, चप्पल काढ.
मग भेंडीला शोधायला परांच्या बघत शहरभर हिंडले. त्याचं हिरवं जाकीट, हिरवं जाकीट. तीन ठिकाणी मुकादमानं हाकललं. चौथ्या ठिकाणी एक जण ओळखीचा होता, माझ्याचकडे खोकल्याला येतो. त्यानंही मान हलवली. असल्या माणसाला शोधायला गेलं की तो आणखी लपतो. एवढी अक्कल मला आधी नको होती का!
रेश्मानं फोटो पाठवला. बॅग भरलीय. वर बाळाची टोपडी ठेवलीत. मला जेवण गेलं नाही.

बुध. २ एप्रिल
आणखी दोन आले. मांजरडोळी आणि लाकडी काठी. सात झाले. भेंडी आला नाही.
सहापर्यंत दार उघडं ठेवलं. गाणारी मंडळी खोल्या बघायला येऊन बाहेर उभी, तरी ठेवलं. डॉ.बाई म्हणाली, "जा तू. मी सांभाळीन." मग म्हणाली, "पोरगी कशी आहे?" महिन्यानं विचारलं.
के. म्हणाली, "काही अडलं तर व्हिडिओ कॉल करीन, मावशी. पेशंट दाखवीन, तुम्ही फक्त ओळखा." म्हणजे विट्याला बाळंतिणीच्या खोलीतही बुधवार येणार. येऊ दे. पण भेंडी फोनपुढं उभा राहील का? चेहरा दाखवायचा म्हटलं की पळेल.

म्हणून इथं नीट लिहिते. भेंडी. ताडमाड, मान पुढं काढून चालतो. हिरवं जाकीट, उन्हाळ्यात पण. डाव्या अंगठ्याचं नख काळं. वाकून दारातनं येतो, तरी डोकं आपटतो, आणि आपटलं की एकटाच हसतो. खुर्चीवर बसत नाही, त्या दिवसापासनं त्या खुर्चीवर तर नाहीच. भिंतीला टेकून उभा राहतो. चहात साखर चार चमचे. सगळ्याला 'या' म्हणतो. त्याला गोळी देऊ नका.

हे पान फाडून द्यावं म्हटलं, तर सोबतचं जोडपानही निघणार, त्यावर के.चे रंगवलेले केस आणि मावशीचं सगळं. अख्खी वहीच देते. वाचू दे. तिलाही कळू दे मी तिला काय म्हटलंय, म्हणजे हेही खरं वाटेल.

उद्या आठला ती किल्ली न्यायला येणार. बाराला विमानतळ. ट्रंक दारात आहे.
जुडगं घेऊन बसलेय. कडी वाकडी झालीय, विट्याची निघते, चर्चची निघत नाही. हे म्हणाले, "पक्कड आणू?"
थांबा म्हटलं जरा. आठपर्यंत दोन्ही एकत्र असू देत.