टोपीखालचे कपाळ

चि. शाम यास,

मी सेवादास धनू राठोड, बी.कॉम., वय सत्तावन्न, दारव्ह्याच्या एका संस्थेत मुख्य लिपिक, तुझा चुलता. तू माझ्या दारात पाऊल ठेवत नाहीस आणि मला दिवसा तुझ्या दारापर्यंत येता येत नाही, म्हणून हे पत्र. प्रयोजन एकच: तुझ्यावर मी ठेवलेला आरोप खोटा आहे.

सूनबाई वर्षाची आणि तुझी प्रकृती ठीक असावी. आमच्याकडे सोयाबीन निघाले, कपाशीची पहिली वेचणी सुरू आहे, असे ऐकतो. मी पाहिलेली नाही. दिवसभर जाड पडद्याआड बसून असतो; खिडकीच्या काचेतून येणारे ऊनही मला चालत नाही.

११ सप्टेंबरला तू शेजारच्या वावरात फवारणी करत होतास आणि मी दोन वावरांमधल्या धुऱ्यावर उभा होतो. सायंकाळी माझे तोंड व हात भाजल्यासारखे लाल झाले. तुझ्या फवाऱ्याने भाजलो, अशी तक्रार मी तांड्याचे नायक शंकरसिंग यांच्याकडे केली. बैठकीत तू म्हणालास, "काका, वारा तुमच्याकून इकडे होता. मी काहून खोटं बोलू?" मी म्हणालो, "दिशा मला शिकवू नकोस." तांड्याने शिकलेल्याचे ऐकले. त्या दिवसापासून कोणी तुला फवारणीला बोलावले नाही.

२० सप्टेंबरला यवतमाळच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी विचारले, "टोपीखालचं कपाळ कोरं कसं? कानामागेही काही नाही. फवारा काय सावली पाहून पडतो?" मग त्यांनी माझी औषधे पाहिली. हृदयाचे ठोके चुकतात म्हणून २५ ऑगस्टपासून जी गोळी घेतो, तिच्यामुळे कातडीला ऊन सोसत नाही. ती बंद करण्यास हृदयाच्या डॉक्टरांची मनाई आहे. बंद केली तरी असर कित्येक महिने अंगात राहतो. तुझी काकू संगीता म्हणाली, "लोकायच्या कागदातली चूक लांबूनच दिसते तुमाले, अन् गोळीसोबतची चिठ्ठी नाही वाचली?" चिठ्ठीत सर्व लिहिलेले होते.

त्यानंतर एक्केचाळीस दिवस मी गप्प राहिलो. आजारपणामुळे नव्हे.

सोमवारी तुम्ही दोघे ऊसतोडीच्या टोळीसोबत निघणार असे कळले. मी नायकांना रविवारी बैठक बोलावण्याची विनंती केली आणि सायंकाळची वेळ मागितली. ते म्हणाले, "सायंकाळी कायले? शामले तर आपण भर दुपारी उभं केलं होतं." बैठक बारा वाजता आहे.

छत्री, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, सर्व घालून येईन. तोंडाला बांधलेला दुपट्टा मात्र बोलताना सोडावा लागेल. कोण बोलतो आहे ते लोकांना दिसले पाहिजे. जाऊ नकोस, असे तुला सांगण्याचा अधिकार मला उरलेला नाही. रविवारी समोर ये, एवढेच मागतो.

तुझा अपराधी,
सेवादास धनू राठोड
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
३१ ऑक्टोबर २०२५