डिकी भरायला मला शिकवू नये

२ मार्च
आजपासून रोजनिशी. अक्षरांशी माझं कधी जमलं नाही, पण हा फोन बोललेलं लिहून घेतो. मधे तोंड घालत नाही, म्हणजे जावयापेक्षा बरा.
रविवारी ही खोली सोडून लेकीकडे कायमची जाणार. सामान जावयाच्या गाडीतून. टेम्पो कशाला? डिकी मी भरणार. एवढ्याशा जागेत संसार बसवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

३ मार्च
जावई वजनकाटा घेऊन आले. गाडीच्या दारावर म्हणे स्टिकर आहे: माणसं आणि सामान मिळून अमुक इतकंच. जास्त भरलं तर ब्रेक उशिरा लागतो. मी विचारलं, जावईबापू, गाडी घेतलीत की बाळंतीण, ओझं उचलायचं नाही म्हणते? लेक खुदकन हसली, मग नवऱ्याचं तोंड बघून उगाच खोकली.
वाद शिलाई मशीनवरून. लोखंडी पायांचं जुनं धूड. ते म्हणाले, राहू द्या. वा रे वा. याच मशीनवर तुमच्या बायकोला वाढवलं. तिथे येऊन रिकामी बसू आणि तुमच्या ताटातलं मोजून खाऊ?

४ मार्च
आज माणसांची वजनं. माझं सांगितलं पंचेचाळीस. लग्नात तेवढंच होतं, त्यानंतर खायला फुरसत कुठे मिळाली? जावयाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. काट्यावर उभ्या राहा म्हणाले. मी काय कांद्याचं पोतं आहे?

६ मार्च, सकाळ
डिकी भरली. खाली उशा आणि गोधड्या, वर मशीन. जावई बडबडत होते: जड खाली, सीटच्या पाठीला टेकवून, पट्ट्याने बांधून. जडाखाली गादी घालतात, एवढंही शिकलेल्यांना कळू नये.

दुपार
गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर. मी पुढे, लेक मागे. गाडीचं नाक वर, जणू आभाळात काही हरवलंय. गतिरोधकावर पोट घासलं. कोपऱ्यावर कुत्रं आडवं आलं, ब्रेक लागला आणि मशीनने मागच्या सीटला अशी धडक दिली की लेकीच्या मानेत उसण भरली.
चूक कुत्र्याची.

७ मार्च
जावयाने सगळं उतरवून पुन्हा भरलं. मशीन तळाला, पट्टे आवळलेले. तरी वजन जास्तच. काहीतरी एक जड कमी करा, म्हणाले, आणि बघत मात्र माझ्याकडे होते. मी ठणकावलं, आधी मशीन जाईल, मग मी. लेक म्हणाली, आई, नीट विचार कर. केलाय. मला सोडून ही गाडी हलते कशी तेच बघते.

८ मार्च, सकाळ
हलली.
गतिरोधकावरून अलगद गेली. नाकसुद्धा सरळ. लेकीने खिडकीतून हात हलवला. माझी गादी, पातेली, चष्मा, सगळं डिकीत. शेजारणीने सतरंजी दिली. विचारत होती, तुम्ही कशा राहिलात? म्हटलं, माझ्या मर्जीने.

संध्याकाळ
लेकीचा फोन. मशीन सुखरूप पोचलं. उशांचे अभ्रे शिवूनही झाले, टाका छान पडतो म्हणाली. मशीन खिडकीपाशी लावलंय. तिथे माझी खाट येणार होती.
मला न्यायला कधी येताय, विचारलं. जावई मागून म्हणाले, आई, खाट आता कुठे बसते ते मोजतो आणि कळवतो.