अण्णांच्या यादीतलं शेवटचं काम

५ जून

चि. खारूस ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. तुझी खुशाली कळव, आणि दोन ओळींत पत्र उरकायची खोड सोड. फोनवर मला मोकळं बोलता येत नाही. दोन खोल्यांचं घर, आणि अण्णांना शेजारच्यांचा नळ टपकलेलासुद्धा ऐकू येतो. तेव्हा उत्तर माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावरच पाठव.

तू तिकडे परदेशात बसून अण्णांच्या फोनमध्ये ते कामांच्या यादीचं अ‍ॅप घालून दिलंस, त्याला महिना झाला. सकाळची गोळी, फिरणं, दुपारची गोळी, पाणी, रात्रीची गोळी. पुढे खूण केली रे केली की मिनिटभरात तुझं 'शाबास अण्णा! असंच चालू द्या' हजर! अण्णांच्या अंगावर मूठभर मांस चढतं. न्हाव्याला दाखवून झालं, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना दाखवून झालं. मुलगा एवढं मोठं गोदाम सांभाळतो, तरी बापाच्या एकेका गोळीची दखल घेतो, असं सगळ्यांना सांगतात. मी इथे रोज त्यांचे पाय चेपते, त्याचं कौतुक शून्य. जळफळाट होतो रे माझा! पण आई गेल्यापासून ते इतके खुललेले मी पाहिले नव्हते.

एकच काळजी आहे. अधूनमधून चक्कर येते म्हणतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना चक्कर का यावी?

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

१६ जून

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचून कान लाल झाले. जळू नकोस, जळण्यासारखं काही नाही. ती शाबासकी मी लिहीतच नाही.

आमच्या गोदामातून माल निघाला की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जातो. एका अ‍ॅपचा धागा दुसऱ्याला बांधून देणारी साधनं असतात, ती मी इथे रोज वापरतो. तीच अण्णांच्या यादीला जोडली. त्यांनी खूण केली की माझ्या तक्त्यात नोंद होते आणि माझ्या नावाने त्यांना शाबासकी जाते. काम राहिलं तर संध्याकाळी सहाला आठवण जाते. एकदा जुळवून दिलं की बघावं लागत नाही. आणि मी बघतही नाही, हे तुला सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय. बारा-बारा तास उभा असतो, ताई. वर इथे राहण्याचे माझे कागद कचेरीत अडकलेत. ते हाती येण्याआधी बाहेर पडलो, तर परत आत घेणार नाहीत.

चक्करेचं वाचून आज मुद्दाम तक्ता उघडला. एकही गोळी चुकलेली नाही, सगळीकडे खुणा आहेत. डॉक्टरांना हे नक्की सांग. आणि अण्णांना यातलं काही कळू देऊ नकोस, तुझ्या पाया पडतो.

राग आला तरी माया आटू देऊ नये, ही विनंती.

तुझा खारू

२७ जून

चि. खारूस आशीर्वाद.

घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच घाबरले आहे. फोनवर तुला पाय घसरला एवढंच सांगितलं, कारण अण्णा शेजारीच होते. सोमवारी ते न्हाणीघरात कोसळले. डाव्या हातात जोर राहिलेला नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब भलताच वाढलाय, गोळ्या बंद केल्या होत्या का. मी ठणकावून सांगितलं की माझ्या भावाकडे रोजची नोंद आहे. घरी येऊन डबा उघडला, तर पाकिटंच्या पाकिटं तशीच कोरी!

अण्णांना विचारलं, तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं. चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली त्यांनी. ओळीपुढे खूण म्हणजे वाचली, चूक नाही, पुढे चला. सकाळच्या चहाबरोबर यादी वरून खाली वाचायची आणि पाची ओळींवर खुणा करायच्या. मग गोळी कधी आठवली तर घ्यायची, नाहीतर नाही. वर म्हणाले, काही चुकत असतं तर खारूने सांगितलं नसतं का, तो तर रोज शाबास म्हणत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तुला तरी कुठल्या तोंडाने बोलू? तू लांब आहेस. मी दिवसभर लोकांना चष्मे देते, आणि घरातला भरलेला डबा मला दिसला नाही.

पत्र मिळताच उत्तर धाड. बाकी काय लिहू?

तुझी ताई

८ जुलै

ती. ताईस सा. न.

तक्ता पुन्हा उघडला, या वेळी वेळासुद्धा पाहिल्या. रात्रीच्या गोळीची खूणही सकाळी सात वाजून दहा मिनिटांचीच. रोज. वेळेचा रकाना मीच करून ठेवला होता, ताई, आणि मीच तो वाचला नाही.

ती सगळी जोडणी तोडून टाकली. आता मी स्वतः लिहितो. काम झाल्याशिवाय खूण करायची नाही, असं अण्णांना लिहून कळवलं आणि त्यांनी कबूल केलं. कागदांसाठी कचेरीत तीनदा जाऊन आलो. वडील आजारी आहेत म्हटल्यावर तिथल्या बाईंनी पाणी दिलं, आणि थांबा म्हणाल्या. थांबण्याशिवाय माझ्या हातात काही नाही.

मला शिव्या दे, पण पत्र देत जा.

खारू

२० जुलै

चि. खारूस आशीर्वाद.

शिव्या कसल्या देऊ, ऐक. अण्णा आता गोळी गिळतात, मला जीभ दाखवतात, मग उजव्या हाताने खूण करतात. त्यानंतर फोन मांडीवर घेऊन बसतात. तुझं उत्तर येतं चार-चार तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. तू कामावर असतोस हे मला कळतं. त्यांना वाटतं, आपण पडलो म्हणून तू रागावलास. काल म्हणाले, पूर्वीचा खारू लगेच बोलायचा, हा कोणीतरी घाईतला माणूस आहे. जेवणही अर्ध्यावर आलंय.

मला सांगायला लाज वाटते, पण तुझं ते यंत्र पुन्हा जोड. तुझ्याहून त्याचाच त्यांना आधार आहे. याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

माया आहे तशीच आहे.

ताई

२९ जुलै

ती. ताईस सा. न.

पत्र दोनदा वाचलं. जोडणी सुरू केली. पहिली होती तशीच, शाबासकीही आणि संध्याकाळची आठवणही. पाच मिनिटांचं काम होतं.

कागद अजून नाहीत. अण्णा नीट जेवले की कळव.

खारू

८ ऑगस्ट

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

अण्णा जेवतात. रक्तदाबही उतरलाय. चार दिवस घरात नुसता आनंदीआनंद होता. पण आता जे झालंय ते कसं निस्तरायचं, मला कळत नाही.

मागच्या सोमवारी अण्णांनी एका बोटाने, अर्धा तास खपून, यादीच्या शेवटी स्वतःची एक ओळ घातली: 'खारूला भेटणे'. मला वाटलं, म्हातारपणाचा चाळा. संध्याकाळी सहाला तुझ्या नावाने निरोप आला, 'अण्णा, खारूला भेटणे हे काम राहिलंय. लवकर उरकून टाका!' अण्णांनी तो मला तीनदा वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी परत आला, तिसऱ्या दिवशीही. काल म्हणाले, पोरगा रोज बोलावतोय, आपण किती ताणायचं? माळ्यावरची बॅग काढायला लावली. डाव्या हाताने घडी जमत नाही, म्हणून दातांत धरून शर्टांच्या घड्या घालतात. तुला थंडी सोसत नाही म्हणून आईची शाल घेतली आहे. डॉक्टर त्यांना जिना उतरू देत नाहीत, आणि ते मला खिडकीची जागा मिळेल का विचारतात.

तू बोलावलं नाहीस, असं सांगितलं तर आजवरच्या सगळ्या शाबासक्या मातीमोल होतील. नाही सांगितलं तर ते रोज बॅग भरून बसतील. तू शहाणा आहेस, साधनं जोडणारा आहेस, तूच सांग मी काय सांगू.

ती ओळ गुपचूप पुसायला मी सकाळी त्यांचा फोन उचलला होता. तेवढ्यात ते जागे झाले आणि म्हणाले, त्या ओळीला हात लावू नकोस, काम झाल्याशिवाय खूण करायची नाही असं खारूनेच सांगितलंय.

आता सहा वाजत आले. मी दुकानातच आहे, तुझा निरोप घरी पोचत असेल.

जिथे आहेस तिथे जिवाला जप, आणि आमच्यावरची माया तुझ्या हाताने लिहीत जा, उशिरा आली तरी चालेल.

तुझी ताई