एक सप्तक खाली

प्रिय दादा,

फोनवर तुला माझं बोलणं नीट ऐकू येत नाही आणि तू "हो हो" म्हणत वेळ मारून नेतोस, हे मला कळतं बरं का. म्हणून कागदावर.

सध्या मी दुपारभर खिडकीशी बसून लाटा बघते. संगणकावरच्या. आधी पडद्यावर सर्किट काढायचं, मग तारेच्या कंपनासारखी एक लाट आत सोडायची आणि पलीकडून काय येतं ते बघायचं. चुकलं तर धूर नाही की बोट भाजणं नाही. ऊन सरकत पायांवर येतं, लाट वाहत राहते, चहा निवतो. तुझ्या गिटारचं पहिलं पेडल आठवतं, मी बिस्किटांच्या डब्यात बसवलेलं? पायाने दाबलं की गिटार घसा बसल्यासारखी ओरडायची. आई म्हणायची, "अरे, त्या बिचारीला कुणी पाणी द्या!"

वहिनीकडून मी तुझ्या कानांच्या तपासणीचा आलेख मागवून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मीच भरीस पाडलं. डावीकडून, खालच्या सुरांपासून, रेघ सरळ चालत येते आणि मग वरच्या सुरांशी टेकडी उतरावी तशी खाली जाते. तो कागद मी समोर भिंतीवर लावला. बघताबघता वाटायचं, पातळ तारांचे सूर या उतारावरून घरंगळत कुठे जाऊन पडत असतील?

मग सुचलं, की ते सूरच सपाटीवर आणून ठेवले तर? आत दोन लाटा आल्या की बाहेर एकच सोडणारं सर्किट केलं. सूर तोच, फक्त एक सप्तक खाली. पडद्यावर पहिल्या दिवशीच जमलं. प्रत्यक्ष जोडलं, तर सूर विरत आला की पेडलला उचक्या लागायच्या. तीन आठवडे डोकं पिकलं. शेवटी ट्यूब पेटली, की मी आत सोडत होते ती लाट फारच गुळगुळीत होती. खऱ्या तारेत केवढी किणकिण असते! मग तार छेडून तिचाच आवाज संगणकात भरला आणि ती किणकिण आधीच गाळून टाकली. उचक्या थांबल्या. काल सकाळी पातळ तार छेडली, तर शेजारच्या खोलीत कुणी पडल्यापडल्या गुणगुणावं तसा तिचा सूर आला.

पेडल या पत्रासोबतच आहे. पण ते नुसतं पाठवून मला मोकळं होता येईना. त्या शेवटच्या कार्यक्रमात मी गात होते, तू साथीला होतास आणि वरचे सूर चुकत होतास. मी रंगमंचामागे सगळ्यांदेखत म्हणाले, "ऐकू येत नाही, तर वाजवतोस कशाला?" तू गिटार पेटीत ठेवलीस. तुला खरंच ऐकू येत नाहीये हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. बहुतेक तुलाही ते माझ्याच तोंडून कळलं. चार वर्षं झाली, मी आलेगेले, जेवले, हसले, पण हे बोलले नाही. दादा, चुकलं माझं. पेडल नको असेल तर तसं कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. हवं असेल तर काहीच लिहू नकोस. मला फोन लाव, वहिनीला तो गिटारशी धरायला सांग आणि एक तार छेड.

तुझीच,
खुडबुडी