पुतळ्यापुढची खीर

तेलीबांधा, रायपूर
१८ मे २००३

सौ. माया ताईंना
भावनाचा सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मिळालं. आम्ही इकडे खुशाल आहोत, तुम्ही तिकडे नागपूरला खुशाल असालच. फोनवर तुमचा आवाज चढतो, मग माझाही चढतो, म्हणून लिहूनच कळवते. ऊन असं आहे की टाकीच्या पाण्यात सरळ चहापत्ती टाकावी. तुमचे भाऊ सकाळी डबा घेऊन रेल्वेत जातात आणि संध्याकाळी येऊन बातम्या पाहतात. बापाच्या खोलीत डोकवायचं तर नाक दाबावं लागतं, म्हणून ते डोकवत नाहीत.

तुम्ही विचारलंत, बाबांना दोन वेळ पोटभर मिळतं ना? मीराबाईनं तुम्हाला फोन केला होता हे मला ठाऊक आहे. शेजारीण आहे, तिच्या जिभेला हाड नाही. उत्तर देते, पण आधी पौर्णिमेचं ऐका.

राजधानी झाल्यापासून इथे मोकळी जागा दिसली की उद्यान होतं. आमच्या कॉलनीसमोरही झालं. लकवा मारायच्या आधी बाबाच घरोघर सह्या घेत फिरले होते, की तिथे बुद्धमूर्ती हवी. त्यांच्या मनात सारनाथची होती, शांत चेहऱ्याची. आली ती लाहोरच्या संग्रहालयातल्या उपाशी सिद्धार्थाची नक्कल. जगप्रसिद्ध आहे म्हणतात. आपली फायबरची, वर दगडी रंग. पोट पाठीला लागलेलं, डोळे खोबणीत गेलेले, फासळ्या लांबूनही दिसतात. विहारातली मंडळी आधी नाराज झाली. मग म्हणाली, खीरदानाला हाच बरा, सुजातेनं खीर दिली ती यालाच तर.

आता अष्टशीलाचं. उपोसथाच्या दिवशी दुपारी बारानंतर जेवायचं नाही, हे बाबा धडधाकट असताना दर पौर्णिमेला पाळायचे, तुम्हीच सांगत होता. हिवाळा सरता सरता विहाराचे अध्यक्ष शालिग्राम भाऊ भेटायला आले आणि म्हणाले, "बाबा लय सुकून राहिले न, वहिनी." माझ्या तोंडून निघून गेलं की बाबांनी आता रोजचंच अष्टशील धरलं आहे. त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले. आठवड्यात कॉलनीभर झालं. मी खोडून काढलं नाही. काय खोडायचं? बारानंतर ते जेवत नाहीत हे खरंच आहे.

ताई, डिसेंबरात तुम्ही संत्रा बर्फीचा डबा घेऊन आलात. बाबांना आपल्या हातानं भरवलीत, फोटो काढलात, माझ्या चादरींना वास येतो म्हणालात आणि दुसऱ्या दिवशीची गाडी धरलीत. पुढे कितीतरी दिवस मी त्याच चादरी धूत होते. जितकं वरून जातं तितकं खालून येतं, आणि खालचं माझ्या वाट्याला. म्हणून संध्याकाळचं जेवण बंद केलं. मग सकाळची पोळी बंद केली, वाटीभर पेज ठेवली. झालं तुमचं उत्तर?

पौर्णिमेला शालिग्राम भाऊ चाकाची खुर्ची घेऊन आले. मी बाबांना पांढरा सदरा घातला, त्यात दोन बाबा मावले असते. पातेलंभर खीर माझ्याच हातची होती. काजू, वेलची, सगळं घातलेलं. सगळ्यांनी नावाजली. बाबांना मूर्तीशेजारी बसवलं, तर पोट्टे एकदा इकडे पाहत, एकदा तिकडे. एक जण ओरडला, "अरे देखो, दो-दो हैं!" मोठ्यांनी दटावलं, पण हसू कोणाला आवरलं नाही. शालिग्राम भाऊंनी माइकवर बाबांच्या व्रताचं सांगितलं. सगळे म्हणाले, "साधू, साधू, साधू." बायका बाबांच्या पायाशी फुलं ठेवू लागल्या.

कार्यक्रम लांबला होता. मी वाटी घेऊन मूर्तीकडे निघाले तर बाबांनी माझा पदर धरला. लकव्यानं जीभ जड झाली आहे, पण त्या दिवशी शब्द स्वच्छ आले.

"मले दे न, पोरी."

"बाबा, बारा वाजून गेले."

"तो उपाशी राहून बुद्ध नाही झाला. खीर खाल्ली, मंग झाला. मले काहून नाही?"

माइक चालूच होता. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा आपल्याले धम्म समजावून राहिले," म्हणाले, आणि पुन्हा सगळे, "साधू." इतक्या माणसांत एकाच्याही मनात आलं नाही की म्हाताऱ्याला भूक लागली आहे. मी पदर सोडवला आणि वाटी मूर्तीच्या मांडीवर ठेवली. खिरीला मुंग्या लागल्या. दुसऱ्या दिवशी माळ्यानं, दयारामनं, पाइपनं सगळं धुऊन काढलं.

मला राग आला होता, अजून आहे. दोन वर्षं त्यांची घाण मी काढते आहे, मला कोणी साधू म्हटलं नाही.

तरी घरी आल्यावर उरलेली खीर घेऊन गेले त्यांच्याकडे. चमचा ओठाला लावला तर तोंड मिटून घेतलं. काल सकाळी पेज नेली, तेच. आज पाणीही गालावरून उशीवर गेलं. "खा ना बाबा," म्हटलं, सकाळचे आठही वाजले नसतील, तर भिंतीकडे पाहत एवढंच म्हणाले, "हव, बारा वाजून गेले."

तुमचे भाऊ म्हणाले, डॉक्टरला बोलवू या का? मी म्हटलं, बोलवा, पण तो पहिला प्रश्न तोच विचारील जो तुमच्या बहिणीनं विचारला. ते बातम्या पाहायला गेले.

तुम्ही या असं मी म्हणत नाही. आलात तर बर्फी आणू नका. डिसेंबरात बाबांना खाटेवरून उचलायला आपण दोघी लागलो होतो आणि तुमची कंबर धरली होती, आठवतं? आता मी एकटी उचलते. एका हातानं. दुसऱ्या हातानं चादर ओढून घेते. याल तेव्हा तुम्हीही उचलून पाहा, म्हणजे पुन्हा काही विचारायची गरज पडणार नाही.

तुमच्या बाबांना सांभाळणारी,
भावना