थोरल्या डोंगराची माशी, धाकट्या डोंगराची माशी

दिसायला सारखे म्हणून जन्मभर एकमेकांच्या वाट्याचा मार खाल्लेल्या माझ्या जुळ्या भावा, सुग्रीवा, तुला सप्रेम जय भीम.

लातुरात नळाला पाणी येतं का? घरची सगळी बरी असतील. आई ठणठणीत आहे. परवा मला म्हणाली, ‘सुग्रीवा, जेवलास का?’ म्हणजे तुझी आठवण काढली असं समज. (चिंचा तू पाडायचास आणि मास्तर मला बडवायचे, त्या अन्यायाची दाद अजून लागलेली नाही.)

आता आमच्या मध सोसायटीचं ऐक. पाऊस नाही, फूल नाही, पेट्या ओस पडायला लागल्या. कपारीतली सातेरी माशी पेटीत वसवायची आणि मध वडवणीच्या बाजारात विकायचा, यावर इथल्या कितीक बायांची घरं चालतात. माशी गेली की त्यांनी खडी फोडायला जायचं. अशा वेळी दोन अशक्त वसाहती एक करतात. राणी एकच ठेवायची (लोकशाहीवादी म्हणून मला हे खटकतं, पण माश्या ऐकत नाहीत), पेटीवर पेटी चढवायची आणि मध्ये वर्तमानपत्राचा कागद. दोन्हीकडून कागद कुरतडता कुरतडता वासात वास मिसळतो, आणि कागद संपतो तोवर वैरही संपतं. माणसांचं असं एका कागदात भागलं असतं तर मी घसा कशाला फोडून घेतला असता?

मी थोरल्या डोंगरावरची एक पेटी घेतली, धाकट्यावरची एक. मध्ये कागद लावला तो माझं एकजुटीचं भाषण छापून आलेला. (घरात दुसरा कागद नव्हता, असं मी सगळ्यांना सांगतो. तुला सांगण्यात अर्थ नाही.) दोन दिवसांनी झाकण काढलं, तर भाषणाची चाळण आणि तळाशी मेलेल्या माश्यांचा खच. याच पेट्यांवर घर चालवणाऱ्या छबुबाईनं वाकून बघितलं आणि म्हणाली, “शहादेवभाऊ, तुमचं भाषण मान्सांला पचत न्हाई, माश्यांला कसं पचंल?”

मी हार मानणारा नव्हे. थोरल्याच्या दोन पेट्या जोडल्या, गोडीत नांदल्या. धाकट्याच्या दोन जोडल्या, त्याही नांदल्या. एक थोरल्याची, एक धाकट्याची, की पुन्हा कत्तल. (या वेळी कागदावर बाजारभाव होते, तेव्हा दोष भाषणाचा नव्हता हे सिद्ध झालं.)

मग बीडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या वत्सलाबाईंना बोलावलं. त्या छत्री उघडून पेट्यांसमोर बसल्या. मी स्वागतपर चार शब्द सुरू केले, तर म्हणाल्या, सावली पडते आहे, बाजूला व्हा. आठवडाभर त्या बसून होत्या. त्यांना दिसलं ते असं की थोरल्याचे नर भर दुपारी उडायला निघतात आणि ते परतल्यावर, उन्हं कलताना, धाकट्याचे निघतात. दोघांची गाठच पडत नाही, मग सोयरीक कुठली? भिंगाखाली नरांची ठेवणही निराळी निघाली. म्हणजे सगळे जिला एकच समजत आले ती माशी एक नव्हे, दोन जाती! दोघी निराळ्या, दोघी आपल्या जागी पूर्ण. एकीला जुनं नाव राहील, दुसरीला नवं द्यावं लागेल. सुग्रीवा, मी त्या माळावर आनंदानं अक्षरशः नाचलो.

पण आमचे चेअरमन आबासाहेब! त्यांना उन्हाळ्याआधी उरलेल्या सगळ्या पेट्या सोसायटीच्या विहिरीवर आणून एकमेकींत मिसळायच्या आहेत. मी तासभर बोललो. म्हटलं, एकी म्हणजे सगळ्यांना एका पेटीत कोंबणं नव्हे, दोन्ही डोंगरांवर पाणी पोचवा. ते शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, “माशी ती माशी. दिसायला एक, तर दोन कामून म्हनायच्या रं?” सभासदांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना! येत्या महिन्याच्या सभेत ठराव होईल, आणि ठराव झाला की माश्या संपल्या.

तुझा (आणि दिसायला तूच)
शहादेव

ता. क. सभेला ये. व्यासपीठावर माझ्या शेजारी नुसता उभा राहा. पुढचं मी आबासाहेबांना विचारीन.

ता. क. दुसरा. बोलू मात्र नकोस. मागे तू माझ्या नावावर केलेलं भाषणच माझं सगळ्यात चांगलं, असं लोक अजून म्हणतात.

ता. क. तिसरा. लातुरात गेल्यावर तू माझ्यापासून वेगळा दिसावास म्हणून मिशी काढलीस, ते मला कळलं आहे. राग नाही. पण माश्यांसाठी, छबुबाईसाठी, आजपासून वस्तरा ठेवून दे आणि मिशी वाढव.